आजोळचे केस

माझं डोकं तीनदा भादरलं गेलं. पहिलं जावळ, ते सगळ्यांचंच काढतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्यांदा मी पाच वर्षांची होते आणि तिसऱ्यांदा सात. कारण एकच, केस सरळ यावेत. लहानपणी वस्तरा फिरवला की केसांचं वळण बदलतं, असं बाबांना कुणीतरी सांगितलं होतं. दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर न्हावी मला गुडघ्यात आवळून बसायचा आणि बाबा वरच्या पायरीवर उभे राहून बघायचे. केस पुन्हा आले ते आधीपेक्षा घट्ट. ओढले तर खांद्यापर्यंत यायचे, सोडले की परत कानावर.

आमचं घर भिक्षुकाचं. काशीला आलेल्या मराठी मंडळींची कार्यं बाबा करायचे, त्यामुळे जेवायला रोज कुणीतरी नवं असायचं. पानावर बसलेली बाई माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "ही हो कुणावर गेली?" बाबा मान वर न करता सांगायचे, "आजोळावर." आई वाढता वाढता पुस्ती जोडायची, "माझ्या मामाचे केस अस्सेच होते." बाईचं समाधान व्हायचं आणि ती वरणभाताकडे वळायची.

मला मात्र वाटायचं, बाबांनी एकदा तरी म्हणावं, माझ्यावर गेलीय. नाक त्यांचं होतं. नाकावरचा राग तर शंभर टक्के त्यांचा होता. श्लोक पाठ म्हटला की ते चारचौघांत "माझी मुलगी" म्हणायचे, पण केसांचा विषय निघाला की मी लगेच आईच्या माहेरची. ही गोष्ट मला पन्नाशी जवळ आली तरी सलत होती. सांगायला लाज वाटते, पण होती.

बँकेत लागले आणि पहिल्या पगारात मी केस सरळ करून घेतले. पुढे वीस-बावीस वर्षं दर सहा महिन्यांनी सिगरा भागातल्या पार्लरमध्ये जाऊन बसायचे. त्या क्रीमचा वास नाकात गेला की डोळ्यांतून पाणी यायचं. पहिल्यांदा तशी माहेरी गेले तेव्हा बाबा म्हणाले, "आता कशी माणसात आलीस." त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं. मी हसले आणि घरी येऊन उगाचच नवऱ्याशी भांडले.

मग लॉकडाऊन आला, पार्लर बंद झाली. मुळाशी माझे खरे केस दिसायला लागले, आणि खालचे सरळ केस झाडूच्या काड्यांसारखे तुटायला लागले. एक दिवस आरशासमोर उभी राहून मी ते सगळे कापून टाकले. उरले ते बोटभर कुरळे. इतक्या वर्षांनी त्यांना हात लावताना मला काय करायचं तेच कळेना. सगळं नव्याने शिकावं लागलं. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. ओले असतानाच, कंडिशनर लावून, बोटांनी गुंता सोडवायचा, तोही खालून वर. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुनं मऊ सुती कापड फक्त दाबायचं. इथे जवसाला तीसी म्हणतात, ती उकळून गाळली की बुळबुळीत पाणी निघतं, ते केसांना चोपडायचं. उशीला रेशमी अभ्रा हवा, तेवढं एक काशीत सोपं. शेजारच्या विणकराने अस्तराचा उरलेला तुकडा दिला.

बाबांना हे अजिबात आवडलं नाही. "देवासमोर हे असं पिंजारून येऊ नकोस. डोकं झाकून ये." मी म्हटलं, "बाबा, हे पिंजारलेले नाहीत, असेच आहेत." ते म्हणाले, "म्हणूनच झाक." त्यानंतर चार वर्षं मी गल्लीच्या तोंडाशी थांबून ओढणी डोक्याला घट्ट बांधायची आणि मगच आत शिरायची. म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा, असं स्वतःला सांगायची. खरं म्हणजे मी वाद घालायला घाबरत होते.

मागच्या पावसाळ्यात पूर ओसरल्यावर बाबा घाटावर गाळात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी बजावलं, काही महिने वस्तरा लावायचा नाही, साधी जखम झाली तरी रक्त थांबायला त्रास होईल. आम्हाला वाटलं, हे काय सांगणं झालं. पण बाबांनी ते फार मनाला लावून घेतलं. पाय मोडल्यापेक्षा त्याचंच दुःख जास्त दिसत होतं. ते आठव्या वर्षी मुंज होऊन कोकणातून इथल्या वेदपाठशाळेत आले, तेव्हापासून त्यांचं डोकं कायम तुळतुळीत. मागे शेंडी, तीही तेल लावून सुपारीएवढी गाठ मारलेली. मी बाबांचे केस कधी पाहिलेच नव्हते, आणि ते पाहिले नाहीत हेही कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

महिनाभर काही दिसलं नाही, नुसते पांढरे खुंट. दुसऱ्या महिन्यात ते टोपी घालायला लागले. गादीवर पडलेला माणूस, घरात आई सोडून कुणी नाही, आणि डोक्यावर टोपी. आई म्हणाली, "थंडी वाजत असेल त्यांना." हे भर आश्विनातल्या उकाड्यात.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी आईने मला बोलावून घेतलं. उशीवर घासून त्यांच्या डोक्यामागे जट झाली होती, दुखत होती आणि ते आईला हात लावू देत नव्हते. मी टोपी काढली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

पांढरे होते, विरळ होते, पण माझेच केस होते. तेच वळण, कानाजवळ तशाच बारीक गुंडाळ्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. तीन मुंडनं, बावीस वर्षं पार्लर, आणि कळसा या टोपीखाली.

तोंड उघडलं असतं तर फार वाईट बोलले असते. मी कोमट पाणी आणलं, कंडिशनर आणलं, त्यांचंच जुनं धोतर खांद्याला गुंडाळलं आणि बोटांनी जट सोडवायला बसले. खालून वर. तासभर लागला. त्यांचं डोकं माझ्या तळव्यावर टेकलं होतं आणि ते माझ्या अंदाजापेक्षा खूप हलकं होतं.

नंतर स्वयंपाकघरात मी आईला धरलं. "तुला माहीत होतं?"

ती गवारी मोडत होती. "होतं की."

"कधीपासून?"

"तू पोटात होतीस तेव्हापासून. बायको गरोदर असली की नवऱ्याने वस्तरा लावायचा नसतो. शेवटचे चार महिने त्यांनी केस राखले होते. तेव्हाही टोपी घालूनच हिंडायचे. तू झालीस आणि बाराव्या दिवशी न्हावी बोलावला."

"आणि तुझा तो मामा?"

"मामाला टक्कल होतं," आई म्हणाली.

मला हसू आलं आणि हसता हसताच मी भडकले. "आई, अगं मग बोलली का नाहीस? आयुष्यभर मूग गिळून बसलीस?"

"त्यांना लाज वाटायची. मला कधी वाटली नाही. म्हटलं, राहू दे माझ्या माहेराच्या नावावर."

"आणि माझं काय? माझ्या डोक्यावर दोनदा वस्तरा फिरला त्याचं?"

गवारीतले तिचे हात थांबले. "तिथे चुकले मी," ती म्हणाली. एवढं सरळ ती कधी कबूल करत नाही, त्यामुळे मला पुढे भांडता आलं नाही.

त्यानंतर दर रविवारी मी बाबांचे केस धुवायची. चौथ्या की पाचव्या रविवारी ते आपणहून बोलले. "गावात मला मेंढरू म्हणायचे. मास्तर केसांत पेन्सिल खोचून ठेवायचे आणि सगळा वर्ग हसायचा. मुंजीत मुलं डोकं भादरताना रडतात. मी नाही रडलो. मला वाटलं, सुटलो." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "तुझंही सुटावं असं वाटलं होतं."

मी तांब्याने त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले. राग गेला असं म्हणणार नाही. पण घाटावरच्या त्या वरच्या पायरीवर उभा असलेला माणूस आता मला वेगळा दिसायला लागला.

माघात गोळ्या बंद झाल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिली. बाबांनी त्याच दिवशी न्हाव्याला निरोप पाठवला. मला वाईट वाटलं, पण मी अडवलं नाही. केस नसलेलं डोकं हा त्यांचा धर्म आहे, आणि कुणाच्या डोक्यावर काय असावं हे दुसऱ्याने ठरवू नये, हे मी नाही म्हणणार तर कोण म्हणणार.

न्हावी आला. तोच, मला गुडघ्यात आवळणारा, आता सत्तरीचा. मी पाण्याची वाटी धरून बाजूला बसले होते. वाटी सांभाळण्याच्या गडबडीत म्हणा, की मुद्दामच, माझी ओढणी खांद्यावर घसरली होती आणि मी ती वर घेतली नाही. त्याने बाबांच्या डोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वस्तरा पुसत हसला. "गुरुजी, पैंतालीस साल से अस्तुरा चला रहे हैं, हमको तो खूँटी से ही पता था. बिटिया किस पर गई है, आज सब देख लें."

म्हणजे न्हाव्यालाही माहीत होतं. मी वाटी घट्ट धरली. बाबा आता आजोळ म्हणतात की गप्प बसतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बाबांनी मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून, कार्यात मंत्र म्हणतात तशा खणखणीत आवाजात, मराठीत म्हणाले, "माझ्यावर गेलीय ती. ऐकलंस का गं? माझ्यावर."

आत नळ चालू होता, तो बंद झाला.

मग बाबांनी हात पुढे केला, माझ्या खांद्यावरची ओढणी काढून आपल्या मांडीवर घेतली आणि न्हाव्यापुढे डोकं वाकवलं.