भोंग्याआधीची काडी

आगवाल्या काकू जळता निखारा बोटांनी उचलत. चिमटा चुलीशेजारीच पडलेला असे, पण तो शोधण्यात त्या वेळ घालवत नसत. शेजारणीच्या खापरात निखारा टाकायचा, पदराला राख पुसायची आणि पुन्हा कणकेला लागायचं. साताऱ्याहून लग्न होऊन मी जबलपूरच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये आले, त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि नुसती बघत राहिले.

हे नाव त्यांना आमच्या क्वार्टर्सच्या ओळीनं दिलेलं. माझे यजमान फॅक्टरीच्या लांबच्या ऑफिसात, काका मात्र दारूगोळा भरायच्या शेडमध्ये कामाला होते. तिथे आत जाताना झडती होई. काडेपेटी नेण्याची सोयच नव्हती. काकूंनी तोच कायदा स्वतःच्या घराला लावून घेतला होता. काका आत असेपर्यंत, म्हणजे सुटीचा भोंगा होईपर्यंत, घरात काडी ओढायची नाही. सकाळी पेटवलेल्या चुलीतला गोवरीचा निखारा दिवसभर राखेखाली जिवंत ठेवायचा. "ते तिकडे काडीविना राहतात, मग मी काहून ओढू?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. हिंदी शेजारणी मात्र खूश होत्या. "दीदी, थोड़ी आग देना," म्हणत दुपारी कोणी ना कोणी दारात असेच.

आणि थंडीत त्या चुलीवर काय काय होई! जवळच्या पनागर गावची वांगी राखेत पुरलेली असत, ती भरतासाठी सालीतून अलगद निघत. तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी तासन् तास नुसती कुजबुजत राही. सांबारवडीसाठी तेल तापवायचं झालं की फुंकणीच्या चार फुंका, जाळ हजर. सांबार म्हणजे कोथिंबीर, हेही मला त्यांनीच शिकवलं. मी स्टोला पंप मारून दमणारी बाई. त्या चुलीपुढे मला माझीच लाज वाटायची.

एकाहत्तरची लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले आणि शिफ्ट बारा तासांची झाली. काकूंनी ओळीतल्या सगळ्या पुरुषांसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले. "उभ्याउभ्यानं काम करून राहिले बिचारे, कमरेत जोर नको?" खारीक-खोबरं तयार झालं, तूप कमी पडलं. ते आणायला शहरात, दीक्षितपुऱ्यात निघताना त्या मला म्हणाल्या, "येतेच मी. एवढी आग सांभाळ, पोरी."

मी चुलीपाशी आईला पत्र लिहायला बसले. माहेरच्या गोष्टींत रमले आणि मान वर केली तेव्हा राख गार पडली होती. फुंकून फुंकून राख डोळ्यांत गेली, पण निखारा मेला होता तो मेलाच. मग मी घरून काडेपेटी आणली आणि चूल पेटवून दिली. कोणाला कळणार होतं?

काकू आल्या, तूप तापलं, डिंक फुलू लागला. आणि फॅक्टरीकडून आवाज आला. चाचणीचे बार आम्हाला रोजचेच होते. हा तसा नव्हता. फळीवरची भांडी वाजली. मला रडू फुटलं. "काकू, निखारा विझला होता. मी काडी ओढली."

काकूंचा झारा थांबला. डिंक करपायच्या आत पुन्हा चालूही झाला. "तुझ्या काडीत एवढा दम असता, तर सरकारनं तुलाच नेलं असतं लढाईवर," त्या म्हणाल्या. "चलो, खारीक दे इकडे."

बायका फाटकाकडे धावल्या. काकू गेल्या नाहीत. "येतील ते भुकेले येतील," म्हणाल्या आणि लाडू वळत बसल्या. सगळे लाडू एकसारखे झाले. पोटात एवढी भीती असताना हात असे चालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं.

भोंगा झाला, काका आले नाहीत. माझ्याच काडीची ती आग काकूंनी राखेनं झाकली आणि सकाळपर्यंत जपली. सकाळी काका आले. स्फोट शेजारच्या शेडमध्ये झाला होता. दोघा जखमींना त्यांनी ओढून बाहेर काढलं होतं. भुवया जळाल्या होत्या आणि डावा कान कायमचा गेला होता. काकूंनी त्यांच्या हातात लाडू ठेवला. माझ्या काडीबद्दल त्या कोणाजवळ कधी बोलल्या नाहीत. पण बोलताना काका उजवा कान पुढे करत, तेव्हा माझी मान खाली जाई.

बारा वर्षांनी काका निवृत्त झाले. त्या शेवटच्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतलं. चूल सारवलेली, गार. त्यांनी माझ्या हातात नवी काडेपेटी दिली. "ओढ."

"काकू, भोंगा व्हायचाय अजून! काका आत आहेत."

"म्हणून तर. बारा वर्षं पाहून राहिली मी, ते कान पुढे करतात अन् तू मान खाली घालते. उद्या मी नागपूरला चालली. हे ओझं तुझ्यापाशी ठेवून कशी जाऊ?"

दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली. चुलीला लावून मागे पाहिलं, तर निखारे बोटांनी उचलणाऱ्या काकू डोळे गच्च मिटून, पदर मुठीत धरून बसल्या होत्या. भोंगा झाला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. अंगणात काकांच्या चपला वाजल्या, तेव्हा उघडले.

"आज काय केलंस गं?" काकांनी विचारलं.

काकू उठल्या आणि त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाल्या, "सांबारवडी करते आता! चूल पोरीनं पेटवली आज."