अकरा महिन्यांचा कागद

सोमाटण्याच्या आमच्या घराची वरची खोली मी भाड्याने देतो ती भाड्यासाठी नाही, आईसाठी. मी नोकरीला हडपसरला, आई तिथं एकटी. ती मोरीत घसरून पडली तर हाक ऐकायला कुणीतरी नको का? म्हणून कुटुंबच शोधायचं, एजंटच्या मागे लागायचं, पोलीस ठाण्यात फॉर्म द्यायचा, अकरा महिन्यांचा करार करायचा. आणि ते कुटुंब पाचव्या महिन्यात जायला निघणार! दोन वर्षांत हे तिसरं. खरं सांगतो, जीव कंटाळला होता.

त्यातून या वेळची बाई गुणाची. आईच्या गुडघ्यांना तेल चोळायची, सकाळी दूध आणायला उतरली की आधी आईचं दार वाजवायची. मी कधी नव्हे तो निर्धास्त झोपत होतो. तेवढ्यात तिच्या नवऱ्याची कंपनीनं रांजणगावला बदली केली.

एजंट म्हणाला, लेखी नोटीस घ्या, करार रद्द केल्याचा कागद करा, मीटरचा फोटो काढा, किल्ली घ्या आणि मोकळे व्हा. शहाणा सल्ला होता, पण माझं डोकं फिरलेलं. मुदतीआधी सोडलं तर डिपॉझिट परत नाही, असं करारात होतं. मी ठरवलं, याच्यावरच अडवायचं. नवरा जाईना का, बायको तरी मुदत संपेपर्यंत राहील.

रविवारी करार खिशात घालून पोचलो, तर दारात टेम्पो उभा. आत आई त्या बाईला पाटावर बसवून तिची ओटी भरत होती. वडील गेल्यापासून आईनं कुणाची ओटी भरली नव्हती, हळदीकुंकवालासुद्धा ती मागे बसायची. आताही शेजारणीला बोलवते म्हणाली होती, पण ही बाई हटूनच बसली की तुम्हीच भरा. आईची सवय मोडलेली. निम्मे तांदूळ पदरात, निम्मे फरशीवर.

ओटी भरून निरोप दिलेल्या बाईला आमच्यात अडवत नाहीत. करार खिशातच राहिला. नवऱ्यानं किल्ली हातात दिली, मी तिथंच उभ्या उभ्या फोनवरून डिपॉझिट परत केलं. मीटरचा फोटो राहूनच गेला.

टेम्पो गेल्यावर मात्र मी आईवर चिडलो. आता पडलीस तर कुणाला हाक मारणार, एवढा तरी विचार करायचास, असं बरंच बोललो. ती खाली बसून सांडलेले तांदूळ वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "तू हडपसरला गेलास, तवा म्या तुला कुटला कागद दाखवला व्हता?"

मीही खाली बसलो आणि तांदूळ वेचू लागलो. संध्याकाळी मला परत निघायचं होतं.