'उशाशी'च्या दारात

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक अरुंद खोली असते, गिऱ्हाइकाला कधी न दिसणारी. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, ढिले स्क्रू आवळायचे, सगळं तिथे. ताईचं अर्धं आयुष्य त्या खोलीत गेलं. काच जास्त घासली तर फ्रेममधून निसटते, कमी घासली तर दाबाने तडकते. ताईच्या हातून सहसा दोन्ही होत नसे. मालक मोठा कुरकुऱ्या, पण तिच्या कामाला नावं ठेवायची त्याची छाती नव्हती. त्याची तक्रार एकच, ड्रॉवरमधला फोन. "ताई, तुमचा तो दवाखाना बंद करा आधी, बाहेर माणूस खोळंबलाय!"

दवाखाना म्हणजे 'उशाशी'. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा ताईने फोनवर हा ग्रुप काढला होता. ज्यांच्या घरात कुणी असं पडून आहे त्यांच्यासाठी. कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, भरवताना ठसका लागला तर काय. आणि मुख्य म्हणजे, वैतागून कधी हात उगारला गेला, तर ते कुणाला सांगायचं? तर ते इथे सांगायचं. नवरा गेला, ग्रुप राहिला आणि वाढत गेला. कोण कुठली माणसं, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. पण 'आज आईवर फार ओरडले' एवढं कुणी लिहिलं की दहाजणी धावायच्या. असू दे गं, आम्हीही ओरडतो. बाहेर चारचौघांत म्हणून बघा असं. लोक तोंडात शेण घालतील.

ताई सगळ्यांना उत्तर द्यायची. दुकानात काच थंड होईपर्यंत, जेवताना, जिन्यावर उभी राहून. 'बाळा, आधी स्वतः दोन घास खा, मग त्यांना भरव,' असं लिहायची. तिच्या घरचे म्हणायचे, हिची माया सगळी फोनमध्येच सांडते. थट्टाच होती ती, दुसरं काही नाही.

आणि मग तिथे बोका शिरला.

पहिल्यांदा आला तेव्हा वडिलांचं दुखणं घेऊन आला. इतकं काळजाला हात घालणारं लिहिलं, की ग्रुप अक्षरशः रडला. बायाबापड्यांनी आपापली पापं त्याच्यासमोर ओतली. एक बसचालक बाई म्हणाली, मी एकदा सासऱ्यांना थप्पड मारली, अजून झोप लागत नाही. या नालायकाने ते सगळं उचललं आणि जगासमोर मांडलं, खाली खिदळत लिहिलं, 'बघा ही सेवा करणारी मंडळी!' ते फिरत फिरत बसचालक बाईच्या नातेवाइकांपर्यंत गेलं. ती ग्रुप सोडून गेली ती गेलीच. तिचं पुढे काय झालं, कुणाला ठाऊक नाही.

त्याला हाकलला. दुसऱ्या नावाने आला. पुन्हा हाकलला, पुन्हा आला; कधी विधवा होऊन, कधी नर्स होऊन. ग्रुपचं दार सांभाळायला ताईच्या जोडीला एक निवृत्त मास्तर होते. बोका हे नाव त्यांनीच ठेवलं. ते म्हणाले, हा एका खिडकीतून हाकलला की दुसरीतून येतो, आणि येऊन पहिलं तोंड दुधातच घालतो. त्याची खोड पकडलीही मास्तरांनीच. बोक्याच्या घरात आजारी असं कुणी नाही, त्यामुळे त्याला दुखणं उसनं घ्यावं लागतं. ग्रुपवरचंच कुणाचं तरी जुनं उचलायचं आणि आपलं म्हणून सांगायचं. नव्या माणसाच्या बोलण्यात जुन्या माणसाची खूण दिसली, की समजायचं बोका आला.

ही युक्ती लागू पडली खरी, पण ताईचा स्वभाव पार बदलला. कुणी नवं आलं की आधी संशय. आधी ती 'या, बसा' म्हणायची. आता उलटतपासणी घ्यायची. शेवटी तिने नियमच काढला. आत राहायचं असेल तर आल्या आल्या रुग्णाचा आजचा फोटो टाका.

"ताई, हे जरा जास्तच होतंय," मास्तर म्हणाले.

"मग तुम्ही सांभाळा दार! मी हात टेकलेत. ती बसचालक बाई माझ्या स्वप्नात येते, तुमच्या नाही."



इकडे ताईची आईही अंथरुणाला होती. दादाकडे, म्हणजे थोरल्या भावाकडे. ताईने त्यालाही ग्रुपमध्ये घातलं होतं, पण तो कधी उघडून बघायचा नाही. तिचं सगळं वहिनी करायची. ताई सुट्टीच्या दिवशी जायची, आईचे केस विंचरायची, तिचा चष्मा पुसून द्यायची आणि निघताना वहिनीला चार गोष्टी ऐकवून यायची. डाव्या कुशीवर इतका वेळ ठेवू नका. चादरीला सुरकुती राहू देऊ नका. वहिनी "हो ताई" म्हणायची. बोलणारी बाई नव्हतीच ती. आईला एक विचित्र सवय लागली होती. जेवणाचा चमचा गादीखाली लपवायची आणि जो समोर येईल त्याला चोर म्हणायची. ताईने हा किस्सा ग्रुपवर रंगवून सांगितला होता. लोक पोट धरून हसले होते.

त्या दिवशी दुपारी ताई एका जाड काचेशी झटापट करत होती. फोन वाजला. नवीन कुणीतरी होतं, नाव घेतलं होतं 'थकलेली'. लिहिलं होतं:

'सासूबाई अंथरुणाला आहेत. चमचा गादीखाली लपवतात आणि मला चोर म्हणतात. आज मागायला गेले तर हाताला कडकडून चावल्या. मी उशी उचलली होती. परत खाली ठेवली. पण उचलली होती. हे कुणाला तरी सांगायचं आहे.'

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चमचा! माझ्याच आईचा चमचा! म्हणजे या मेल्याची मजल आता माझ्या घरापर्यंत गेली. हातातली काच बाजूला ठेवून तिने सगळ्यांसमोर लिहिलं, 'बोक्या, या वेळी माझ्याच आईला उचललंस होय रे? तुझ्या जिभेला काही हाड? खरी असशील तर म्हातारीचा फोटो टाक, आत्ताच्या आत्ता. नाहीतर चालती हो.'

पलीकडून एकच शब्द आला. 'टाकते.'

मग काहीच नाही. ताईने वाट पाहिली, काच घासून झाली, फ्रेममध्ये बसलीसुद्धा. ग्रुपवर लोक तोपर्यंत तुटून पडले होते. लाज वाटू दे, ढोंगी कुठली, उशी उचलते म्हणे! ताईने त्या 'थकलेली'ला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आज कितीतरी दिवसांनी जिंकल्यासारखं वाटलं तिला.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आवाज पार गेलेला. "अगं, ही निघून गेली. आईला भरवलं, कूस बदलली, शेजारणीला आणून बसवलं आणि तिच्या बहिणीकडे गेली. म्हणते, माझा माझ्या हातांवर भरवसा राहिला नाही. मला काही कळत नाही, तू ये."

ताई तशीच निघाली. वाटेत तिला वहिनीचा रागच येत होता, खोटं कशाला बोला. असं टाकून जातात का माणसाला?

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाठ स्वच्छ, चादर ताठ, सुरकुतीचं नाव नाही. दादा स्वयंपाकघरात भांडी आपटत होता. चमचा सापडत नव्हता त्याला. "थांब, मी देते," म्हणत ताईने गादीखाली हात घातला.

आई वळली ती "चोर! चोर!" ओरडत, आणि तिने ताईच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

ताई ओरडली नाही. हात सोडवून घेतला आणि दातांच्या खुणांकडे बघत राहिली. चमच्याचं तिने ग्रुपवर सांगितलं होतं. चावण्याचं नव्हतं सांगितलं. तिला माहीतच नव्हतं ते. मग बोक्याला कुठून कळणार?

 पलंगाच्या कडेला बसून तिने मास्तरांना फोन केला. "मास्तर, ती खरी होती. माझी वहिनी होती. मी माझ्या वहिनीला..." मास्तरांनी ग्रुपवर सांगितलं, की काल हाकललेली बाई खरी होती, आपण सगळे चुकलो. ताई जिना उतरेपर्यंत दारात एक नवं माणूस येऊन उभं होतं. 'मीच ती काल हाकललेली. आत घ्या ना.' आणि पुढे खिदळणारं चित्र. ताईला हसावं की रडावं कळेना. म्हणजे बोका आतच कुठल्या तरी नावाने बसून सगळं वाचत होता; त्याला हाकलायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. फोन पिशवीत टाकला आणि चालायला लागली.

वहिनी बहिणीच्या घरी मागच्या पायरीवर बसली होती. हाताला फडकं बांधलेलं. ताईला बघून उठायला लागली, सवयीने.

"बसा, वहिनी." ताईही तिच्या शेजारी टेकली. आपलं मनगट पुढे केलं. वहिनीने खुणा पाहिल्या, आणि दोघींनाही काही सांगावं लागलं नाही.

"चुकले मी," ताई म्हणाली. "फार वाईट चुकले. पण वहिनी, फोटो टाकते म्हणालात ना? एक फोटो टाकला असतात तर..."

"काढायला गेले होते. आईंना कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं." वहिनी फडक्याची गाठ चाचपत राहिली. "मग नाही काढवला."

"आणि मला सरळ का नाही सांगितलंत? मी काय परकी होते का?"

वहिनीने फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग तिच्या नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाली,

"तुम्ही परक्यांशी फार मायेने बोलता, ताई. मी वाचायचे ना, यांच्या फोनवर. मला वाटलं, परकी होऊन आले तर माझ्याशीही तसंच बोलाल."