निळ्या माशाची हद्द

आमच्या पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिचा मालक आहे एक बोटभर निळा डॅमसेल मासा. मूर्ती लहान, पण तोरा केवढा! ही जात समुद्रात प्रवाळाचा आपल्यापुरता तुकडा धरते आणि चौपट मोठा मासा आला तरी त्याच्या अंगावर जाते. आमच्याकडे मधल्या दगडाखालचं भोक त्याचं. साफसफाई करताना तो मलाही चावतो.

गेल्या वर्षी नवऱ्याने एक केशरी क्लाउन मासा आणला. निळ्याने त्याचे पर कुरतडले आणि त्याला टाकीतल्या हीटरमागे कोंडून टाकलं.

त्याच सुमारास सासूबाई आल्या. सासरे गेल्यावर चाकणजवळच्या गावात त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांनी कायमचं आमच्याकडे राहावं, ही आम्हा दोघांची फार इच्छा. पण त्या बाल्कनीच्या दारापाशी पाहुण्यासारख्या बसायच्या, पाणी प्यायलाही विचारायच्या. पिशवी बांधलेलीच. "दसरा झाला की जाते गं मी गावाला," म्हणायच्या. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा.

घट बसायच्या आधी घर धुवून काढायचं, हा त्यांचा नेम. मी ऑफिसात, नवरा फर्स्ट शिफ्टला. पडदे, भांडी, देव उरकून त्यांनी थेट टाकीत हात घातला. मी घरी येऊन बघते तर सगळे दगड इकडचे तिकडे.

"आई, हे काय केलंत!" माझा आवाज चढलाच.

"दगडाखाली लई घाण व्हती. त्यो निळा चावत व्हता, पर म्या न्हाई सोडलं."

दगड पुन्हा लावायला मी बाही वर केली आणि थांबले. निळा आपलं भोक शोधत येरझाऱ्या घालत होता. हद्दीच्या खुणाच गेल्या, तर राखणार काय? केशरी मात्र फाटक्या परांनी टाकीच्या मधोमध पोहत होता. थोडे दिवस दोघांची खडाखडी चालली, मग त्यांनी दोन बाजू वाटून घेतल्या.

माझ्या स्वयंपाकघरातला चमचा हलला तरी मला खपत नाही. तरी दगड हलल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सगळे डबे ओट्यावर काढून ठेवले. "आई, हे तुम्हाला हवे तसे लावा," म्हटलं आणि ऑफिसला पळाले.

दसरा होऊन गेला. एका सकाळी मला साखर सापडेना. डब्यामागून डबे उघडत मी चिडचिड करत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या.

"सर बाजूला. माझ्या डब्यांत उचकापाचक करू नगं."

बोलणी खाऊन इतकी खूश मी जन्मात कधी झाले नव्हते.