फोटोत गोठा रिकामाच आहे

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. नुसता विश्वास नाही असं नव्हे, मी त्यांच्याविरुद्ध भांडतच मोठी झाले. आमच्या विरारच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. करणी, उतारे, अंगात येणं... या सगळ्याविरुद्ध बाबा पत्रकं काढायचे आणि मी शाळेच्या गणवेशातच ती स्टेशनबाहेर वाटायचे. अजूनही वाटते. त्यामुळे हे वाचून कोणी "बघा, शेवटी पटलं ना?" म्हणू नये. मला काहीही पटलेलं नाही. जे झालं ते लपवणं मात्र अप्रामाणिकपणाचं वाटतं, म्हणून लिहितेय.

गेली काही वर्षं मी पडीक गोठ्यांचे आणि भाताच्या कोठारांचे फोटो काढते. कामण, चिंचोटी, पोमण – मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटांनी स्कूटी घेऊन फिरायचं. छंद म्हणा, पण खरं कारण चीड आहे. त्या भागात गोदामांवर गोदामं उठतायत आणि बाजूचा गोठा एका फटक्यात "निरुपयोगी बांधकाम" ठरतो. इथे कोणी तरी जनावरं सांभाळत होतं, याचा निदान पुरावा राहावा.

हेमंत माझा कॉलेजचा मित्र. फुलपाड्यात फ्लॅट घेऊन राहतो. त्याचे वडील – आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो – कामणच्या पुढे एका गावात एकटेच असतात. एक दिवस हेमंतचा फोन आला.

"तुला पडक्या जागा आवडतात ना? आमचा गोठा बघायला ये. आणि एक कामही आहे."

काम असं होतं. काकांची जमना नावाची म्हैस दोन पावसाळ्यांपूर्वी मेली. खड्डा खणायला हेमंत स्वतः होता. पण काका आजही सकाळ-संध्याकाळ गोठ्यात बादलीभर पाणी नेऊन ठेवतात. मागच्या महिन्यात बादलीसकट घसरून पडले. शेजारचं कोणी येईपर्यंत तिथेच पडून होते. हेमंतने फ्लॅटवर चला म्हटलं तर एकच उत्तर – "मंग जमनेला कोन बघंल?"

"तू आत जा, फ्लॅश मारून कोपरा न् कोपरा काढ," हेमंत म्हणाला. "मोठे करून त्यांना दाखवू. माझं ऐकत नाहीत, फोटोचं तरी ऐकतील. पुढच्या वेळी पडले तर मला कसला फोन येईल, सांग ना!"

मी आनंदाने हो म्हटलं. माझ्या तत्त्वात बसणारंच काम होतं.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. लख्ख ऊन. गोठा घराच्या मागे, त्याच्या पाठीला एका गोदामाची निळ्या पत्र्याची भिंत. कारवीच्या काड्यांच्या कुडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, एकच दार. काका अंगणातल्या नळावर बादली विसळत होते.

"ये बाय. फोटू काढतंस? काढ. पन आदी तिला आवाज दे आन् मंग शिर. नायतर बिचकते."

"काका, आत कोणी नाहीये."

"तू आजून शिरली तरी कुठं?"

हेमंतने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मी हसले आणि आवाज न देता आत शिरले.

आत अंधार होता, पण डोळे सरावल्यावर सगळं दिसत होतं. गव्हाण, खुंटा, सकाळी ठेवलेली पाण्याची बादली. जमीन कोरडी ठणठणीत. मी गव्हाणीचे फोटो काढले. मग सगळा गोठा एका फ्रेममध्ये यावा म्हणून कुडाला पाठ लावून उभी राहिले.

आणि समोरून काहीतरी माझ्यावर रेललं.

धक्का नव्हता. सावकाश, सगळा भार टाकत – अडचणीत उभं जनावर अंग टेकतं तसं. ऊबदार. कॅमेरा माझ्या छातीत रुतला. मागे कारवीच्या काड्या कडकड वाजल्या. समोर मला कोरडी जमीन आणि पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती... आणि माझ्या पोटावर कोणाच्या तरी फासळ्या श्वासाबरोबर फुगत होत्या, बसत होत्या. मला ओरडायचं होतं. ओरडायला हवा छातीत यावी लागते, ती येत नव्हती. बोट कॅमेऱ्याच्या बटणावर दाबलं गेलं, फ्लॅश उडाला. भार तेवढाच. मला खरंच वाटलं, मी इथेच मरणार आणि का मेले ते कोणाला कळणारही नाही.

शेवटी उरल्यासुरल्या श्वासात मी पुटपुटले, "सर ना गं... जमने, सर."

भार सरकला. एक पाऊल बाजूला, जड.

"कोणाशी बोलतेयस?" बाहेरून हेमंतचा आवाज आला.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. हेमंतने कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि एकेक फोटो बघत सुटला. "एक नंबर! एकदम क्लिअर!" खरंच क्लिअर होते. फ्लॅश उडालेला तो फोटोसुद्धा – समोरची भिंत, रिकामी जमीन, जराही हललेला नाही. त्याने स्क्रीन काकांसमोर धरली.

"बघा. तिने सगळं तपासलंय. काय आहे आत?"

काकांनी फोटोंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "तू सांग, बाय. हाय का नाय?"

हेमंत माझ्याकडे बघत होता. "नाही" एवढंच म्हणायचं होतं. पुरावा माझ्याच हाताने काढलेला. म्हातारा माणूस सुरक्षित घरी जाणार होता. पण न पटलेलं बोलायचं नाही, हेही त्याच पत्रकांनी शिकवलेलं.

"मला काहीतरी लागलं, काका," मी म्हटलं. "काय ते माहीत नाही."

हेमंत भडकलाच. "तू पण? अगं, लोकांना शहाणपण वाटत फिरतेस ना तू? आता हे मरेपर्यंत इथून हलणार नाहीत! तुझ्यामुळे!"

त्याचं बरोबर होतं. मला रडू यायला लागलं.

काका मात्र नळ बंद करून उठले. बादली माझ्यासमोर ठेवली.

"नाय रं, येतो मी. हिला कळली ना ती... मंग झालं. पानी तू घालशील ना, बाय? तिला बगनारं दुसरं कोन नव्हतं, येवढंच."

मी हो म्हटलं. पुढच्याच रविवारी काका फुलपाड्याला गेले. आता बरे आहेत, लिफ्टला शिव्या घालतात. हेमंत माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.

मी डॉक्टरकडे जाऊन आले. कोंदट जागा, घाबरल्यामुळे श्वास अडकतो, असं होतं, म्हणाले. असेल. पण घाबरायच्या आधीच मी दाबली गेले होते, त्याचं काय? कृपा करून कोणी मांत्रिकांचे नंबर पाठवू नका, तसल्यांशी माझं भांडण आहे तसंच आहे.

शब्द दिलाय म्हणून मी दर आठवड्याला पाणी घालायला जाते. बादली ठेवते आणि पळत बाहेर येते. स्कूटी सुरू करायच्या आत काकांचा फोन येतो – "बरी हाय ना?"

"बरी आहे, काका," मी सांगते. आणि आपण खोटं बोललो की खरं, ते मला आजवर कळलेलं नाही.