सगळ्यांचं शेत आणि माझा बांध

दादा आमच्या अंगणात बसून "आता सगळं आपलं" म्हणाला, तेव्हाच मी सावध झाले. "माझं" म्हणणाऱ्याचं मला भय वाटत नाही, त्याच्याशी भांडता येतं. "आपलं" म्हणणाऱ्याकडे मात्र मी नीट निरखून बघते.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. वडील महाराष्ट्रातून इकडे हिंदी मुलखात कागदाच्या मिलमध्ये आले, पुढे दादाही तिथंच लागला, आणि दोघांनी जन्मभर लाल झेंडा धरला. आमच्या क्वार्टरमध्ये देवांच्या फोटोशेजारी दाढीवाले परदेशी म्हातारे टांगलेले असत. आई उदबत्ती ओवाळताना त्यांनाही सोडत नसे. दादाचं पालुपद ठरलेलं. समाजवाद ही काही गोऱ्यांची मक्तेदारी नाही. चीनमध्ये अनवाणी शेतकऱ्यांनी केला, आफ्रिकेत गावंच्या गावं एकत्र शेती करायला लागली, मग आपल्याला काय धाड भरलीय? मी विचारायची, "मग पुढे काय झालं त्या गावांचं?" तर म्हणायचा, "तो वेगळा विषय आहे."

रिटायर होऊन तो आमच्या गावाजवळच्या लालबागला राहायला आला आणि दर आठ दिवसांनी जसोंडीला यायला लागला. मी जसोंडीची सून. नवरा गेला, मुलगी सासरी गेली, माझ्या वाट्याची केळी मीच करते. शेजारी धाकट्या दिराचं शेत. मध्ये बांध. नवऱ्याच्या माघारी पहिल्याच नांगरटीला दिरानं तो हातभर कोरला होता. तेव्हापासून सकाळी चहाच्याही आधी मी बांध बघून येते. कागदावर माझं नाव आहे, नाही असं नाही. पण कागद काही उन्हातान्हात शेतात उभा राहत नाही. बांध राहतो.

दादाची योजना अशी, की नाल्याकाठच्या सगळ्यांनी बांध मोडून एकच शेत करायचं. एक ट्यूबवेल, एक ठिबक, व्यापाऱ्याशी बोलायलाही एकच तोंड, आणि माल निघाला की घरागणिक सारखा वाटा. ऐकायला काय वाईट होतं? मलाही क्षणभर बरं वाटलं. केळीची गाडी भरायच्या दिवशी एकट्या बाईला व्यापारी कसा खेळवतो, ते मला विचारा.

पण सगळ्यात आधी हो म्हणाला तो माझा दीर! ज्यानं कधी कुणाला विळा उसना दिला नाही, तो म्हणतो, "दादांचं बरोबर है, सब का भला." अगं बाई! सूर्य कुठून उगवला आज, म्हटलं मी मनात. तो दादासाठी शेव आणायचा, पंखा लावायचा, आफ्रिकेच्या गोष्टी मान डोलावून ऐकायचा. दादा मला म्हणे, "माणूस बदलतो गं." मी म्हटलं, "बदलतो. पण एवढ्या घाईत?"

बैठक दिराच्याच ओट्यावर झाली. मी आणि जाऊ आत चहा करत होतो. मी ट्रे घेऊन बाहेर आले तर दादा घरं मोजत होता, एका घराला एक मत. सगळी मोजून झाली, माझं आलंच नाही.

"दादा, माझं घर?"

"तुझं पाहुण्यांच्यात, तुझ्या दिराच्या घरात धरलंय ना. एकच कुटुंब तुमचं."

मिलच्या वसाहतीत असंच मोजत. क्वार्टर एक, त्यावर पुरुषाचं नाव एक, बाकी सगळे त्याच्या पोटात. आमच्याकडे गावात घर मोजतात चुलीवरून. गणपतीची वर्गणी चुलीमागे. लग्नाचं चूलबंद, म्हणजे सगळ्या घराला जेवायचं, आवतण चुलीमागे. आणि चूल वेगळी करायला दिरानंच लावलं होतं, नवऱ्याचं वर्षसुद्धा झालं नव्हतं.

मी ट्रे खाली ठेवला. म्हटलं, "वर्गणीला माझी चूल वेगळी, आणि मताला एक? हे कुठल्या देशातलं?"

दीर हसला. "वहिनी, घरातली बात घरात."

मी दादाकडे बघत होते. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, की हिचंही एक घर आहे. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आत्ता नको, एकजूट फुटेल. नंतर बघू."

मला रडू आलं नाही, राग आला. माझ्या मतावाचून ठराव झाला.

दोन दिवसांनी ट्रॅक्टर आला. पुढे दीर, मागे दादा आणि चार माणसं. मी बांधावर जाऊन उभी राहिले. दीर ड्रायव्हरला सांगत होता, "इथून घे. ह्या बांधापासून."

"का? एवढे बांध आहेत, माझाच का आधी?"

दादा म्हणाला, "कुठून तरी सुरुवात करावी लागतेच ना गं."

"मग त्यांच्यापासून कर. त्यांच्या शेतापलीकडचा बांध आधी मोडू दे, मी स्वतः इथून उतरते."

दादा दिराकडे वळला. त्याला खरंच वाटलं, हे काय, लगेच होईल. "चला पाहुणे, तुमच्यापासून घेऊ."

"माझा?" दीर म्हणाला. "त्याच्यावर सागवान है माझं. तो कसा मोडेल?"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. दादा कधी सागाच्या रांगेकडे बघे, कधी माझ्या पायाखालच्या मातीकडे. त्याचा चेहरा असा पडला की मला त्याची दया आली, आणि दया आल्याचा पुन्हा रागही आला.

मग तो बांधापाशी आला. म्हणाला, "चल, चहा कर."

"कुणाच्या घरी?"

तो मागे वळला, दिराकडे आणि त्या चौघांकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझ्या घरी."

"तू हो पुढे," मी म्हटलं. ट्रॅक्टर पार डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मी बांधावरून हलले नाही.