सबीनाची राखण

सबीना कीव्हनीला मातीआड करायच्या दिवशी मी माझी व्हॅन दफनभूमीच्या फाटकात अडकवली. कबर खणणाऱ्यांना फावडी आणि काळ्या बिअरच्या बाटल्या पोचवून वळत होतो. पुढचं चाक गटारात गेलं, मागचा बंपर खांबाला लागला. आत जाईना, बाहेर येईना. समोर खांदेकऱ्यांच्या खांद्यावर सबीना, आणि तिच्यामागे टोपी हातात धरून तिचा नवरा बार्टली.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच सकाळी तळ्याकडून मॉर्टी लॅलीचीही अंत्ययात्रा येत होती. आमच्याकडे एका दिवशी दोन मयतं आली, की आधी आत कोण शिरतं याला फार महत्त्व. जो शेवटी पुरला जातो, त्यानं पुढचं मयत येईस्तोवर दफनभूमीची राखण करायची. आमची मंडळी व्हॅन ढकलत राहिली, आणि लॅलीच्या पोरांनी दफनभूमीतल्या जुन्या चर्चच्या पडक्या भिंतीवरून पेटी सरळ आत घेतली. जन्मात कुठे वेळेवर न पोचलेला मॉर्टी त्या दिवशी पहिला आला.

सबीनानं आयुष्यभर पहाटे उठून धारा काढल्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं, नवऱ्याच्या दम्यापायी रात्री जागवल्या. ‘आता तरी झोपेल बिचारी,’ एवढंच बार्टली तिच्या आजारपणात म्हणायचा. आणि बाईच्या नशिबी मेल्यावरही पहारा आला.

तेव्हापासून तो रोज दुपारी येतो. छप्पर केव्हाच गेलेल्या त्या चर्चात, वेदीच्या उरलेल्या दगडावर बसतो. बाटलीत चहा, खिशात सोडा-ब्रेडचा तुकडा. तेवढ्यात तिला डुलकी काढता येते, असं त्याचं म्हणणं. हा निव्वळ अडाणीपणा आहे, असं पाद्रीबाबांनी समजावून पाहिलं. बार्टलीनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना अर्धा ब्रेड देऊ केला.

अडचण एकच. त्या हिवाळ्यात गावात कुणी मरेचना. म्हाताऱ्या सेलिया फॅहीला पाद्रीबाबांनी मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेलसुद्धा लावून झालं. बार्टलीनं फावडं घासूनपुसून दाराशी ठेवलं, तर म्हातारी सकाळी उठून केक भाजायला लागली. केक त्यानं खाल्ला, पण पडल्या चेहऱ्यानं. हळूहळू तो रस्त्यात दिसला की लोक खोकला गिळू लागले. तो स्वतःही थकत चालला होता. कोट अंगावर लोंबायला लागला, फाटकापर्यंत यायचं तर वाटेत भिंतीला टेकावं लागे.

परवा मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. पावसाची झिमझिम चालू होती. त्यानं झाकणात चहा ओतून माझ्यापुढे केला. घरी चल, असा भिजत राहिलास तर सबीनाच्या जागी तूच पहाऱ्याला बसशील, असं मी परोपरीनं सांगितलं. सांगता सांगता मलाच जोराची ढास लागली. बार्टलीनं मान वळवून, बऱ्याच दिवसांनी, जरा आशेनं माझ्याकडे पाहिलं.

“अरे बाबा,” मी डोळे पुसत विचारलं, “असा किती दिवस बसणार आहेस?”

“तू मरेपर्यंत.”